कळमन्याचा काटा, विंडोज ७ आणि आजचा कोड

बाजारात ट्रक काट्यावर चढतो. काट्याखाली वजन जोखणारे लोडसेल, केबिनमध्ये वजन दाखवणारा इंडिकेटर, त्याच्या पाठीतून निघालेली नऊ पिनांची सिरियल केबल आणि त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला धुळीने माखलेला कॉम्प्युटर. नागपूरच्या कळमन्यात असो की हिंगण्याच्या एमआयडीसीत, अशा केबिनमध्ये विंडोज ७ दिसलं तर नवल वाटून घेऊ नये. एक्सपीही दिसू शकतं. मालकाला ‘आता हे बदला’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मशीन चालू आहे न भाऊ, मंग बदलवायची काऊन?’

प्रश्न रास्त आहे. सिरियल पोर्ट, त्याचा ड्रायव्हर, पावती छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे सगळं एकमेकांशी जुळून बसलेलं असतं, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांतही चालतं. अडतं ते सॉफ्टवेअर. पावतीचा नमुना बदलतो, नवा कर येतो, रिपोर्ट वेगळा लागतो, आणि मिहानमधल्या एखाद्या ऑफिसात नव्याकोऱ्या लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्राम या जुन्या मशीनवर उघडतसुद्धा नाही. सर्व्हरवरही हेच: दोन्हीकडे लिनक्सच, पण डेव्हलपरकडे उबुंटू २२.०४ आणि ग्राहकाकडे जुनं सेंटओएस ७.

नेमकं जुनं काय आहे?

‘सिस्टीम जुनी आहे’ या एका वाक्यात चार गोष्टी दडलेल्या असतात: कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणारा), लायब्ररी (तयार फंक्शन्सचा साठा), ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर. यांतलं प्रत्येक वेगळ्या कारणाने अडतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की जुन्या मशीनसाठी जुनाच कंपायलर लागतो. सहसा लागत नाही. नव्या कंपायलरने जुन्या सिस्टीमसाठी प्रोग्राम बांधता येतो, फक्त तो कशाशी जोडला जातोय यावर लक्ष ठेवावं लागतं. जुना कंपायलर खरोखर लागतो तो तीन प्रसंगी: ग्राहक सोर्स घेऊन स्वतःच्या मशीनवर बिल्ड करतो तेव्हा, उपकरणाच्या उत्पादकाने दिलेला कंपायलर सोडून दुसरा चालत नाही तेव्हा, आणि कधीकधी, फक्त बायनरी स्वरूपात, म्हणजे सोर्सशिवाय, मिळालेली जुनी सी++ लायब्ररी जोडायची असते तेव्हा.

म्हणून कोडला हात लावण्याआधी ग्राहकाच्या मशीनवरून माहिती मागवा. लिनक्सवर ‘एलडीडी --व्हर्जन’ जीलिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आवृत्ती सांगतं, ‘यूनेम -आर’ कर्नलची (सिस्टीमचा गाभा), ‘जीसीसी --व्हर्जन’ कंपायलरची आणि ‘एलएससीपीयू’ प्रोसेसरच्या क्षमता. विंडोजवर ‘विनव्हर’ चालवा, सर्व्हिस पॅक लिहून घ्या, ३२ बिट की ६४ हे विचारा. फोनवर ऐकलेल्यावर विसंबू नका, स्क्रीनचा फोटोच मागवा. त्यातून एक तळ ठरतो: याच्या खाली आपण जाणार नाही. सेंटओएस ७ हा तळ धरला तर आकडे असे: जीसीसी ४.८.५, जीलिबसी २.१७, कर्नल ३.१०. या सिस्टीमचा अधिकृत आधार ३० जून २०२४ ला संपला, मशीनं मात्र चालूच आहेत.

जीलिबसी: सगळ्यात जास्त रडवणारा थर

एक प्रयोग करून पाहा. उबुंटू २२.०४ वर सी मध्ये रिकामा ‘मेन’ लिहा, जो काहीच करत नाही. कंपाइल करा, फाइल सेंटओएस ७ वर न्या, चालवा. प्रोग्राम सुरूच होत नाही. ‘जीलिबसी_२.३४’ ही आवृत्ती सापडली नाही, एवढंच सांगून बंद पडतो. कोडमध्ये एकही नवी गोष्ट नाही, तरी असं का?

जीलिबसी प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची चिठ्ठी लावते. फंक्शनची वागणूक बदलली की जुनी चिठ्ठी तशीच ठेवून शेजारी नवी लावली जाते, त्यामुळे जुने प्रोग्राम नव्या सिस्टीमवर वर्षानुवर्षं चालतात. उलटी वाट मात्र बंद. लिंक करताना, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीशी जोडताना, लिंकर तुमच्या मशीनवर असलेली सगळ्यात नवी चिठ्ठी उचलतो. २०२१ च्या २.३४ आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवी चिठ्ठी लागली. मग रिकामा ‘मेन’सुद्धा २.३४ मागणारच. तसंच ‘पॉव’, ‘एक्स्प’, ‘लॉग’ या गणिती फंक्शन्सना २.२९ ची चिठ्ठी आहे. २.३८ पासून तर काही पर्यायांखाली साधं ‘स्ट्रटॉल’सुद्धा गुपचूप नव्या नावाच्या फंक्शनकडे वळवलं जातं.

आपला प्रोग्राम कोणकोणत्या चिठ्ठ्या मागतो हे पाहायला ‘ऑब्जडम्प’ मोठ्या ‘टी’च्या पर्यायाने चालवा आणि निघालेल्या यादीत ‘जीलिबसी_’ शोधा. यादीतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमचा खरा तळ, कागदावर काहीही लिहिलेलं असो. ही तपासणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घाला: आकडा २.१७ च्या वर गेला की बिल्ड फेल. नाहीतर हे ग्राहकाकडे जाऊन कळतं, आणि तेही शनिवारी संध्याकाळी.

इलाज सरळ आहे: सगळ्यात जुन्या सिस्टीमवर बांधा, नव्यावर चालवा. त्यासाठी खरं जुनं मशीन नको, सेंटओएस ७ चा डॉकर कंटेनर पुरतो, म्हणजे आपल्याच मशीनवर चालणारी जुन्या सिस्टीमची बंदिस्त पेटी. पायथनच्या जगात ‘मेनीलिनक्स२०१४’ नावाचा तयार साचा आहे तो याच तळावर उभा आहे.

कंटेनर उघडून पॅकेज बसवणारं ‘यम’ चालवलं की पहिली ठेच लागते: पॅकेजेसचे पत्ते देणारा मिररलिस्टचा सर्व्हर सापडत नाही. आधार संपल्यावर पॅकेजेस ‘व्हॉल्ट’ या अभिलेखात हलवली गेली. ‘यम.रेपोज.डी’ फोल्डरमधल्या फाइलींत मिररलिस्टच्या ओळीपुढे ‘#’ घाला आणि बेसयूआरएलची ओळ उघडी करून पत्ता व्हॉल्टचा करा. इथे पुष्कळ जण अर्ध्यात फसतात. नवा कंपायलर मिळावा म्हणून ‘सेंटओएस-रिलीज-एससीएल’ बसवलं, की ते स्वतःच्या नव्या रेपो फाइली आणतं, आणि त्यांतही तोच मेलेला पत्ता असतो. बदल पुन्हा एकदा करावा लागतो.

त्या एससीएलमधून ‘डेव्हटूलसेट-१०’ घेतलं की जुन्या सेंटओएसवर जीसीसी १० मिळतो आणि सी++१७, म्हणजे २०१७ चं सी++, लिहिता येतं. मानक लायब्ररीतले नवे तुकडे तो प्रोग्राममध्येच स्टॅटिक भरतो, बाकीचं सिस्टीमच्या जुन्या लायब्ररीतून घेतो. नवी भाषा, जुना तळ. कंटेनरचा पसारा नको असेल तर ‘झिग सीसी’ हा कंपायलर वापरा. त्याला टार्गेटमध्येच जीलिबसी २.१७ सांगता येते.

कोणी म्हणेल, सगळंच स्टॅटिक करून टाकू. जीलिबसी स्टॅटिक केली की नेटवर्कची नावं शोधणारी फंक्शन्स घात करतात, कारण ती चालताना सिस्टीमच्या लायब्ररी उघडू पाहतात. पूर्ण स्टॅटिकच हवं असेल तर जीलिबसी सोडून ‘मसल’ ही छोटी सी लायब्ररी घ्या. फाइल वाचून पावती छापणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ते उत्तम, प्लगइन लोड करणाऱ्या मोठ्या प्रोग्रामला नको.

हा प्रश्न फक्त छोट्या दुकानांचा नाही. व्हीएस कोड या एडिटरच्या १.८६ आवृत्तीने २०२४ च्या सुरुवातीला रिमोट जोडणीसाठी जीलिबसी २.२८ सक्तीची केली, जुन्या सर्व्हरवाल्यांचं काम एका रात्रीत थांबलं, आणि गलका झाल्यावर मुदत वाढवावी लागली.

कंपायलरच जुना असेल तर

जीसीसी ४.८ वर सी चा कोड टाकला की पहिली तक्रार बहुधा ‘फॉर’ लूपची येते. ‘फॉर’च्या कंसात चल घोषित केलेलं त्याला चालत नाही, कारण पर्याय दिला नाही तर तो १९८९ च्या सी प्रमाणे वाचतो. जीसीसी ५ पासून ही आपोआपची पातळी २०११ च्या सी वर गेली, आणि जीसीसी १५ मध्ये सी२३, म्हणजे २०२३ च्या सी वर. म्हणून पर्याय न देता कधीच कंपाइल करू नका. ‘एसटीडी’ स्पष्ट लिहा. उलट्या बाजूनेही मार बसतो. जीसीसी १४ ने घोषणा न करता वापरलेलं फंक्शन हा सरळ एरर ठरवला, पूर्वी नुसती वॉर्निंग यायची. सी२३ मध्ये ‘बूल’ हा कीवर्ड झाला, त्यामुळे स्वतःचा ‘बूल’ टाइपडेफ केलेला जुना कोड नव्या कंपायलरवर फुटतो. दोन्ही टोकांवर बिल्ड करून पाहिल्याशिवाय ‘चालतं’ म्हणू नये.

सी++ मध्ये सापळा जास्त खोल आहे. ४.८.१ ने सी++११ ची भाषा पूर्ण केली, लायब्ररी नाही केली. मजकुरात नमुना शोधणाऱ्या ‘एसटीडी::रेजेक्स’चं हेडर आहे, कंपाइल बिनतक्रार होतं, लिंकही होतं. चालवलं की एक्सेप्शन फेकून प्रोग्राम मरतो किंवा चुकीचं उत्तर देतो. खरं रेजेक्स ४.९ मध्ये आलं. ‘एसटीडीअ‍ॅटॉमिक’ हे सी चं हेडरही ४.९ पासून. ४.८ वर त्याऐवजी कंपायलरची अंगभूत अ‍ॅटॉमिक फंक्शन्स वापरावी लागतात, ती ४.७ पासून आहेत. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ च्या जीसीसी ४.४.७ पर्यंत खाली जायचं असेल तर ‘नलपीटीआर’ नाही, लॅम्डा नाही, आणि पर्यायाचं नावसुद्धा ‘सी++११’ नसून ‘सी++०एक्स’. तिथवर जाण्याआधी त्याचे पैसे कोण देतंय हे विचारावं.

लिंक करताना ‘सीएक्सएक्स११’ ही अक्षरं असलेली न सापडलेली नावं दिसली की समजा, स्ट्रिंगचे दोन साचे एकमेकांना भिडलेत. जीसीसी ५ ने ‘एसटीडी::स्ट्रिंग’ची आतली रचना बदलली. जुन्या जीसीसीने बांधलेली लायब्ररी जोडायची तर तुमच्या संपूर्ण कोडला ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय’ हा मॅक्रो ० करून बांधा. संपूर्ण म्हणजे संपूर्ण. एक फाइल राहिली तरी लिंक फसते. शक्य असेल तिथे त्या लायब्ररीच्या सीमेवर साधं सी चं इंटरफेस ठेवा, मग हा प्रश्नच उरत नाही.

आता आवृत्ती ओळखण्याबद्दल. ‘जीसीसी अमुकपेक्षा नवा असेल तर’ अशा अटी सगळीकडे दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या असतात. क्लँग हा दुसरा कंपायलर स्वतःला जीसीसी ४.२ म्हणवतो, मग त्याची आजची आवृत्तीही तुमच्या अटीत जुनी ठरते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वेगळा पर्याय दिल्याशिवाय सी++ च्या मानकाचा आकडा जुनाच, १९९७११, असा सांगतो, आत सी++१७ चालत असलं तरी. आवृत्तीपेक्षा क्षमता विचारा: हे हेडर आहे का, हे अ‍ॅट्रिब्यूट आहे का. त्यातही एक बारीक खाच आहे. हेडर आहे का हे विचारणारं ‘हॅज_इन्क्लूड’ जीसीसी ५ पासून आहे. ते आहे का आणि असल्यास हेडर आहे का, असं ‘&&’ लावून एकाच ओळीत विचारलं तर ४.८ ती ओळ वाचतानाच अडखळतो, कारण कंपाइलच्या आधी ओळी वाचणाऱ्या प्रीप्रोसेसरला आख्खी ओळ समजावी लागते. दोन अटी एकात एक, वेगवेगळ्या ओळींवर लिहा.

विंडोज: दहा अक्षरांची गाडी आणि रुपयाचं चिन्ह

परत काट्यावर येऊ. गाडीचा नंबर ‘एमएच ३१’ने सुरू होतो, पुढे दोन अक्षरं, चार आकडे. मोकळी जागा न सोडता इंग्रजीत लिहिला तर बरोबर दहा अक्षरं. कोणीतरी नंबर ठेवायचा बफरही बरोबर दहाचा घेतला. नियमाने, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी अकरावी जागा हवी होती. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासूनचं ‘एसएनप्रिंटएफ’ अशा वेळी शेवटचा आकडा कापतं आणि शून्य लावतं: पावतीवर नंबर अपुरा, पण प्रोग्राम शाबूत. त्याआधीच्या कंपायलरमध्ये हे फंक्शनच नव्हतं, होतं ते पुढे अंडरस्कोर लावलेलं. ते दहाही अक्षरं भरतं आणि शून्य लावतच नाही. मग छापणारा कोड पुढच्या मेमरीत शून्य सापडेपर्यंत छापत सुटतो आणि पावतीवर नंबरानंतर कचरा येतो.

जुन्या कोडमध्ये ‘एसएनप्रिंटएफ म्हणजेच अंडरस्कोर एसएनप्रिंटएफ’ अशी एक ओळीची डिफाइन असते. दिसताक्षणी काढा. त्याजागी छोटं फंक्शन लिहा, जे आत ‘_व्हीएसएनप्रिंटएफ_एस’ला ‘ट्रंकेट’ सांगून वापरेल आणि खरी लांबी ‘_व्हीएसकप्रिंटएफ’कडून घेईल. जुन्या आणि नव्या कंपायलरची वागणूक मग सारखी. आणि बफर अकराचा करा, हे वेगळं सांगायला नको.

विंडोज ७ वर नवा प्रोग्राम उघडताना दोन एरर वारंवार येतात. एकात ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी डीएलएल सापडत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून सी ची रनटाइम विंडोजचा भाग केली, ती जुन्या मशीनवर अपडेट केबी२९९९२२६ मधून येते. इंटरनेट नसलेल्या मशीनवर हे अपडेट पेन ड्राइव्हने न्यावं लागतं, आणि त्याआधी सर्व्हिस पॅक १ असावा लागतो. किंवा रनटाइम स्टॅटिक लिंक करा. छोट्या प्रोग्रामला तेच बरं. दुसरा एरर म्हणजे ‘कर्नल३२’मध्ये एंट्री पॉइंट सापडला नाही. उदाहरणार्थ ‘गेटसिस्टमटाइमप्रिसाइजअ‍ॅजफाइलटाइम’ विंडोज ८ पासून आहे. असं फंक्शन थेट न बोलावता ‘गेटप्रॉकअ‍ॅड्रेस’ने शोधा, नसेल तर त्याच्या जुन्या, ‘प्रिसाइज’ नसलेल्या भावाला हाक मारा. अशी फंक्शन्स चुकून वापरली जाऊ नयेत म्हणून ‘_विन३२_विनएनटी’ हा मॅक्रो हेक्समध्ये ०६०१ ठेवा, म्हणजे विंडोज ७ नंतरच्या घोषणा हेडरमधून दिसेनाशा होतात आणि चूक तुमच्या टेबलावरच कळते.

भाषाही निवडताना बघा. पायथन ३.८ नंतर, गो १.२० नंतर आणि रस्ट १.७७ नंतर विंडोज ७ चा नेहमीचा आधार संपला. सी आणि सी++ इथे अजून टिकून आहेत.

मराठी पावतीचं दुखणं आणखी वेगळं. सोर्स फाइल यूटीएफ-८ असेल आणि सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ची ओळखखूण) नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ती मशीनच्या स्थानिक कोडपेजप्रमाणे वाचतो. ‘एकूण वजन’ची चिन्हांची खिचडी होते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ अपडेट २ पासून ‘/यूटीएफ-८’ पर्याय आहे. त्याआधी बीओएम ठेवा, किंवा मजकूर कोडबाहेर वेगळ्या फाइलीत. एक्सपीवर देवनागरीचा आधार नेहमी चालू नसतो, रिजनल सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागते आणि तेव्हा इन्स्टॉलेशनची सीडी मागितली जाते. आणि ₹? हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, एक्सपीचे फॉन्ट त्याआधीचे. तिथे चौकोन छापला जाईल. सरळ ‘रु.’ लिहा, कोणाचं काही अडत नाही.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. बिल्डमध्ये ‘याच मशीनसाठी बांध’ सांगणारं ‘मार्च=नेटिव्ह’ राहिलं की नव्या मशीनच्या सूचना प्रोग्राममध्ये शिरतात आणि जुन्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन तो मरतो. अशा सूचनांचा संच एव्हीएक्स२ इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून आहे, त्याआधीच्या मशीनवर नाही. आणि जुन्या ३२ बिट लिनक्सवर वेळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. अजून वेळ आहे असं वाटतं, पण लायसन्सची मुदत २०४० लिहिली तर हिशोब आजच उलटा जातो.

कंटेनरमध्ये पास, ग्राहकाकडे नापास

डॉकरचा कंटेनर लायब्ररी जुन्या देतो, कर्नल मात्र तुमच्याच मशीनचा असतो. ‘आयओ_यूरिंग’ (कर्नलची जलद वाचन-लेखनाची सोय) ५.१ कर्नलपासून आहे. कंटेनरमधल्या ‘सेंटओएस ७’ वर ते चालू शकेल, खऱ्या ३.१० वर नाही. म्हणून बिल्ड कंटेनरमध्ये आणि चाचणी व्हर्च्युअल मशीनमध्ये, खऱ्या जुन्या कर्नलसह. कर्नलच्या आकड्यावरही अट लिहू नका, कारण रेड हॅट, जिच्या सिस्टीमवरून सेंटओएस ७ बनलं, नव्या गोष्टी मागाहून जुन्या कर्नलमध्ये घालत असते. कॉल करून पाहा, ‘ईनोसिस’ (असा कॉलच नाही) आला तर जुनी वाट धरा. सेंटओएस ६ च्या कंटेनरची तऱ्हा उलटी: नव्या कर्नलवर तो १३९ कोड देऊन पडतो. कर्नल सुरू होताना ‘व्हीसिसकॉल=इम्युलेट’ दिलं की चालतो.

हे सगळे जुगाड कोडभर पसरू देऊ नका. एकच हेडर, एकच सी फाइल. ‘इफडेफ’च्या अटी फक्त तिथे. बाकीच्या कोडला मशीन जुनं आहे याचा पत्ताही लागू नये. प्रत्येक जुगाडावर कोणत्या सिस्टीमसाठी आणि कोणत्या एररमुळे, हे लिहा. सेंटओएस ७ सोडायचं ठरेल त्या दिवशी ते नाव शोधून पंधरा मिनिटांत सगळं काढता आलं पाहिजे.

कधी सोडायचं याला मोठ्या प्रकल्पांनी बऱ्या वाटा शोधल्यात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने नव्या सी ची एखादीच गोष्ट एकाच ठिकाणी वापरून पाहिली. कोणी ओरडलं तर तेवढीच ओळ मागे घ्यायची, नाहीतर पुढे जायचं. असं करत २.३५ मध्ये त्यांनी सी९९, म्हणजे १९९९ चं सी, सक्तीचं केलं. लिनक्स कर्नल २०२२ च्या ५.१८ पर्यंत १९८९ च्या सी वर होता. फाइली आकसवणाऱ्या झेडलिब लायब्ररीने तर १९८९ च्याही आधीच्या धाटणीची फंक्शन्स २०२३ च्या १.३ आवृत्तीत सोडली. घाई कोणीच केलेली नाही.

छोट्या दुकानाने तारीख लेखी द्यावी: अमुक महिन्यानंतर विंडोज ७ साठी नवी सोय नाही, फक्त दुरुस्ती. आणि त्या शेवटच्या आवृत्तीचा नुसता सोर्स ठेवून भागत नाही. बिल्डच्या कंटेनरची इमेज ‘डॉकर सेव्ह’ने एका टार फाइलीत काढा, तिच्यासोबत लागणारी सगळी पॅकेजेस, विंडोजची अपडेट्स आणि कंपायलरचा इन्स्टॉलर ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर. मग इंटरनेट बंद करून त्यातूनच एकदा बिल्ड करून पाहा. झालं तरच ती खरी प्रत.